धूसर ताटातले ते काय असते?

प्रश्न : ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या गेममध्ये मी सफरचंद, अळंबी आणि मारलेल्या बोकोब्लिन राक्षसाचे शिंग एकत्र शिजवले, तर टीव्हीवर चेहरे झाकतात तशा चौकटींनी झाकलेला पदार्थ तयार झाला. हा गेममधला बिघाड आहे का? आणि तो खाल्ला तर गेमचा नायक लिंक मरेल का?

उत्तर : बिघाड मुळीच नाही. निन्टेन्डोच्या 2017च्या या गेममधला हा ‘ड्युबियस फूड’, म्हणजेच संशयास्पद खाद्यपदार्थ, मुद्दामच तसा झाकलेला आहे. पातेल्यात एका वेळी पाच जिन्नस मावतात. पण राक्षसांचे अवयव हे अन्न नसून बेडूक, सरडे, फुलपाखरे यांच्यासोबत शिजवून काढा करण्याचे साहित्य असल्यामुळे ते सफरचंदाच्या संगतीत गेले, की स्वयंपाक फसतो. नेहमीची उत्साही धून बेसूर होते, भांडी आपटल्यासारखे आवाज येतात आणि लिंक गोंधळून पाहत राहतो. ‘कृती चुकली’ अशी कोरडी सूचना देण्यापेक्षा पदार्थावर पडदा टाकणे मला कितीतरी अधिक मिश्कील वाटते, कारण ताटात नेमके काय शिजले असेल, याची कल्पना आपल्यावरच सोपवली जाते.

मरण्याची भीती नको. वर्णनातच खाल्ल्याने अपाय होणार नाही असे सांगून पुढे ‘बहुधा’ जोडलेले असले, तरी हा पदार्थ लिंकचा जीव मोजणाऱ्या हृदयांपैकी किमान एक हृदय भरून देतो. लाकूड किंवा रत्ने शिजवल्यावर मिळणारे ‘रॉक-हार्ड फूड’ याहून वाईट. त्याने जेमतेम पाव हृदय भरते. (खाणीतले मीठ मात्र इतर अन्नात खुशाल घालावे, ते चालते.)

खरी फसगत स्वच्छ दिसणाऱ्या ताटात होते. थंडीपासून वाचवणारी मिरची आणि उष्णता सोसायला मदत करणारे हायड्रोमेलन हे फळ एकत्र शिजवले, तर पदार्थ व्यवस्थित होतो, पण दोन्ही गुण एकमेकांना मारतात आणि हे बर्फाळ डोंगरावर पोहोचल्यावरच ध्यानात येते.

आपल्याकडची शिंगे मात्र कपडे मजबूत करून देणाऱ्या महापरीसाठी राखून ठेवावीत. हायलियन ट्युनिक हा अंगरखा मजबूत करण्याच्या पहिल्याच पायरीला पाच लागतात.