एकाच एक्सलच्या (दोनच चाकांच्या) छोट्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरासाठी, कोणत्या कंपनीचे टायर घ्यावेत? आणि टीपीएमएसवर (चालताना टायरमधली हवा दाखवणाऱ्या यंत्रावर) खर्च करणं खरंच गरजेचं आहे का?

प्रश्नातलं ‘कोणत्या कंपनीचे’ वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरात गेली तीन वर्षं याच दोन शब्दांवरून वाद चालू आहे. माझ्या मोठ्या भावाचं म्हणणं, आपला टायर फुटला कारण कंपनी भिकार होती. माझं म्हणणं, टायर चांगला होता, तो आपण मारला. तुमचं उत्तर यातच आहे, म्हणून आधी झालं काय ते सांगते.

ट्रेलर दादाने आणि मी मिळून घेतलेला. टायर एसटी (खास ट्रेलरसाठीचा) २०५/७५ आर १४, लोड रेंज (वजन पेलण्याचा दर्जा) सी. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, लिहिलेलं, ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरली तर १७६० पौंड पेलतो. दोन्ही टायरचे मिळून ३५२०. एक्सल ३५०० पौंडांचा. म्हणजे एक्सलवर पूर्ण वजन टाकलं तर टायरकडे शिल्लक उरते २० पौंडांची. अर्धी बादली पाणी जास्त झालं की संपलं. छोट्या ट्रेलरांत ही जोडी नेहमीची आहे, तुमच्याही ट्रेलरवर हेच आकडे निघाले तर मला नवल वाटणार नाही.

टीपीएमएस मी आणला होता. व्हॉल्व्हवर टोपीसारखे फिरवून बसवायचे सेन्सर आणि पुढे डॅशबोर्डवर छोटा पडदा. मर्यादा यंत्रात आल्या तशाच ठेवल्या होत्या: भरलेल्या हवेपेक्षा २५ टक्के खाली गेली की बोंब, १० टक्के वर गेली की बोंब. ५० च्या हिशेबाने खाली साडेसदतीस, वर ५५.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कडक ऊन, रस्ता तापलेला. पडद्यावर डावा टायर ५७ दाखवायला लागला आणि यंत्र जे ओरडायला लागलं ते थांबेचना. दादाने गाडी बाजूला घेतली, सेन्सर काढले आणि दोन्ही टायरमधली हवा सोडून ५० वर आणली. मी म्हटलं, गरम टायरची हवा सोडायची नसते. तो म्हणाला, ‘टायरवर पन्नास लिहिलंय ना? मग पन्नास.’

टायरवरचे ५० हे थंड टायरचे असतात. थंड म्हणजे निदान तीन तास उभा असलेला आणि ऊन न लागलेला टायर. चालल्यावर हवा तापून आकडा वर चढणार, हे टायर बनवणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. चढलेला आकडा खाली आणण्यासाठी हवा सोडली, तर ती हवा कायमची गेली. रात्री टायर गार झाले आणि सकाळी पडद्यावर डावा ४३, उजवा ४४. मी ते वहीत लिहून ठेवलं आहे, वही अजून माझ्याकडे आहे. दादाला दाखवलं. तो म्हणाला, ‘काल बघितलंस ना, चालली की आपोआप वाढते.’ कंप्रेसर पलंगाखाली सामानाच्या तळाशी होता, निघायची घाई होती. मी हट्ट धरला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता खरी गोष्ट. त्या दिवशी यंत्राने एकदाही तोंड उघडलं नाही. ४३ हे साडेसदतीसच्या वरच आहेत. दोन तासांनी डावा ५४ वर गेला, उजवा ५१ वर. दादा खूश, दोन्ही आकडे हिरवे. पण सकाळपासून डावा ११ चढला होता आणि उजवा ७. एकाच ट्रेलरचे, एकाच रस्त्यावरचे दोन टायर, आणि सूर्य उजवीकडे. तरी डावा जास्त तापत होता. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला बाजूने जास्त दुमडतो, दुमडला की तापतो, तापला की आतली हवा फुगते आणि पडद्यावरचा आकडा छान दिसायला लागतो. पन्नासपासून चढलेले ५४ म्हणजे निरोगी टायर. त्रेचाळीसपासून चढलेले ५४ म्हणजे ताप आलेला टायर. पडद्याला हा फरक कळत नाही. तो सकाळचा आकडा लक्षात ठेवणाऱ्या माणसालाच कळतो.

टायर गेला तेव्हा आम्ही ताशी ११० च्या आसपास होतो. ट्रेलर ओढणाऱ्या आमच्या गाडीत आधी काहीच जाणवलं नाही. आरशात काळा तुकडा उडताना मी पाहिला, मग ट्रेलर डावीकडे बसला, आणि सगळ्यात शेवटी यंत्र वाजलं. एकच एक्सल असल्यामुळे त्या बाजूचं वजन घ्यायला दुसरं चाक नव्हतं. दादाने न घाबरता, ब्रेकवर उभं न राहता गाडी हळूहळू कडेला घेतली. त्याचं ते कसब मी कधीच नाकारलं नाही.

उतरून पाहिलं तर नक्षीचा पट्टा एका बाजूने सुटून एक्सलला गुंडाळला होता आणि त्यातून स्टीलच्या तारा ब्रशच्या केसांसारख्या बाहेर आल्या होत्या. त्या पट्ट्याने चाकावरचा पत्रा फाडला, मागच्या दिव्यांची वायर तोडली आणि वरच्या कपाटाचा तळ फोडला. कपाटात घड्या घालून ठेवलेल्या चादरींवर रबराची काळी पूड बसली होती. ती धुऊनही निघाली नाही.

वादाचा निकाल खरं तर दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानातच लागला होता. मी दुकानदाराला दोन्ही टायर रिमवरून उतरवायला लावले. दोन्ही एकाच कंपनीचे, दोन्हीवर तारखेचे आकडे ३११७, म्हणजे २०१७ च्या ३१व्या आठवड्यात बनलेले. डाव्याच्या आत मूठभर रबराचा भुगा, चहाच्या पत्तीसारखा, आणि साइडवॉलच्या आतून गोल फिरणारी दुमडीची रेघ. दुकानदाराने बोट फिरवून सांगितलं, हा कमी हवेवर पळालेला आहे. उजवा आतून जवळपास स्वच्छ. कंपनी भिकार असती तर त्याच आठवड्यातला जुळा भाऊ धडधाकट कसा राहिला? दादा, हे तू वाचशील म्हणून लिहिते, याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

मग ट्रेलर होता तसा भरून काट्यावर घातला, आधी पूर्ण आणि मग एकेका बाजूचं चाक. एकूण ३३२० पौंड, म्हणजे एक्सलच्या मर्यादेत. दादा म्हणाला, बघ! पण डाव्या चाकावर १७९० होते आणि उजव्यावर १५३०. पाण्याची टाकी, बॅटरी आणि दादाची हत्यारांची पेटी, तिन्ही डावीकडे. ५० पीएसआय असते तरी डाव्या टायरवर ३० पौंड जास्तच होते, आणि ४३ वर तर त्याची ताकद आणखी दहाव्या हिश्शाने घटलेली. एकूण वजन बघून निश्चिंत होणारे लोक मला रोज भेटतात. टायरला एकूण वजन माहीत नसतं, त्याला स्वतःच्या डोक्यावरचं तेवढं माहीत असतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. कंपनी नावाजलेली घ्या, एवढं पुरे. त्याहून लोड रेंज महत्त्वाची. सी बसत असेल तर त्याच मापात डी घ्या. २०५/७५ आर १४ मध्ये डी रेंज ६५ पीएसआयला २०४० पौंड पेलते, म्हणजे एका टायरमागे २८० पौंडांची सवड. आम्ही नंतर तेच घेतले. दुकानात तारखेचे चार आकडे स्वतः वाकून वाचा, दीड-दोन वर्षं पडून राहिलेला माल नवा म्हणून घेऊ नका. ट्रेलरचे टायर झिजून क्वचितच संपतात, उभे राहून वयाने संपतात. नक्षी कोरी करकरीत दिसली तरी पाच-सहा वर्षांनी बदला. आणि वेगाचं अक्षर बघा: एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एम म्हणजे १३०. अक्षरच नसलेल्या जुन्या पद्धतीच्या एसटी टायरला ६५ मैल, म्हणजे साधारण १०५ किलोमीटर, हीच हद्द धरतात. आमच्या टायरवर अक्षर नव्हतं. आम्ही ११० ने चाललो होतो, हेही वादात दादा सोयीस्कर विसरतो.

टीपीएमएस घ्याच. अमेरिकेत २००७ च्या सप्टेंबरपासून नव्या कारना तो सक्तीचा झाला, ट्रेलरना मात्र नाही. आणि ट्रेलरलाच त्याची जास्त गरज, कारण मागे हवा उतरली तर पुढे कळतच नाही. पण कारसाठी ठीक असलेली २५ टक्क्यांची मर्यादा ट्रेलरला फार ढिली आहे. मी खालची मर्यादा भरलेल्या हवेच्या १० टक्के खाली ठेवते आणि वरची २५ टक्के वर, म्हणजे उन्हात उगाच ओरडत नाही. रोज निघण्यापूर्वी थंड आकडे गेजने मोजून वहीत लिहिते. प्रवासात आकड्यापेक्षा चढ किती झाला आणि डाव्या-उजव्यात फरक किती, हे बघते. पाण्यासाठी थांबलं की दोन्ही हबना (चाकांच्या मधल्या भागांना) आणि टायरना हात लावून बघते. एकच बाजू जास्त गरम असेल तर हवा, बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक, तिघांपैकी एक.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. डी टायर घेऊन त्यात ५० च भरली तर तो सी इतकंच वजन पेलतो, पैसे फुकट. पूर्ण ६५ भरायची तर रिमवर तेवढी हवा लिहिलेली आहे का, ते आधी तपासा. दाबून बसवलेले साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ च्या पुढे चालत नाहीत, आणि टोपीसारख्या सेन्सरच्या वजनाने ते हलून मुळाशी चिरतात, म्हणून टायर बदलताना धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्या. चाक बसवल्यावर ८० ते १५० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. कुणी कारचे टायर लावायला सांगितलं तर त्यावर लिहिलेल्या वजनाला १.१ ने भागून मगच हिशेब करा. माझे आकडे माझ्या मापाचे आहेत, तुमच्या टायरचं माप वेगळं असेल तर त्याचा तक्ता बघा.

आणि खरेदी करण्यापूर्वी ट्रेलर सहलीला भरता तसा भरून काट्यावर न्या. डाव्या-उजव्याचे आकडे, टायरचं माप आणि रिमवर लिहिलेली हवा इथे कमेंटमध्ये लिहा. सी पुरेल की डी लागेल, ते मी हिशेब करून सांगते.