साताऱ्यात राहून हर की दूनच्या ट्रेकची तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की वय बेचाळीस, अजिंक्यतारा नेहमीचा, वासोटा झालाय, पण हिमालयात कधी गेला नाहीत. मे महिन्यात उत्तराखंडमधल्या हर की दूनच्या दरीत जायचं मनात आहे, तर झेपेल का आणि तयारी काय करायची?

झेपेल. नेमाने अजिंक्यतारा चढणाऱ्या माणसाच्या पायांची मला अजिबात काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती सह्याद्रीने आपल्याला लावलेल्या सवयीची. आपण पहाटे निघतो, उन्हं चढायच्या आत माथा गाठायचा म्हणून दामटत चढतो आणि संध्याकाळी घरी येऊन गरम पाण्याने अंघोळ करून झोपतो. दमलो तरी रात्र आपल्याच गादीवर जाते. हिमालयात मुक्काम वरच असतो, आणि त्रास होतो तो बहुतेक वेळा मुक्कामाला पोचल्यावर, संध्याकाळी किंवा रात्री.

उंचीचा हिशोब एकदा डोक्यात पक्का बसवा. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. हर की दूनचं पायथ्याचं गाव सांकरी सुमारे १,९५० मीटरवर आहे. म्हणजे गाडीतून खाली पाय ठेवता तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या ३०० मीटर वर असता. हर की दून साधारण ३,५०० मीटरवर. तिथेही हवेत ऑक्सिजनचं प्रमाण साताऱ्याइतकंच, २१ टक्के असतं, पण हवेचा दाब कमी झाल्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या मानाने दोन तृतीयांशावर येतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला रात्री द्याव्या लागतात. ही सवय यवतेश्वरचा घाट कितीही पळालात तरी साताऱ्यात होत नाही.

आमच्या हर की दूनच्या गटात कोरेगावकडचा एक मुलगा होता. हिल मॅरेथॉन पळणारा, अंगात रग. वाटेवरचं ओसला गाव सोडल्यावर तो सगळ्यांच्या पुढे, प्रत्येक वळणावर आमची वाट बघत उभा. संध्याकाळी तंबूत गाइडने सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. त्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा काही वेगळा नव्हता. पण जेवायला बसल्यावर गाइड त्याच्या ताटाकडे बघत राहिला. वरण-भात चिवडून तसाच, पापड तेवढा मोडलेला. ‘सर, सिर में दर्द है?’ असं त्याने दोनदा विचारलं, तेव्हा कुठे पोराने मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याला वर नेलं नाही, एका सहायकाबरोबर खाली ओसल्याला पाठवलं. खाली उतरल्यावर दुपारपर्यंत डोकं थांबलं आणि तो व्यवस्थित जेवला.

डोकेदुखी आणि त्याच्या जोडीला भूक मरणं, मळमळ, झोप न येणं, गळून जाणं, यातलं काहीही असेल तर आणखी वर जायचं नाही, आणि ते लपवायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, किंवा सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालता येत नसेल, तर सकाळची वाट न बघता ताबडतोब खाली आणायचं. त्यावर उतरण्यासारखं दुसरं औषध नाही. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी अनेक जण घेतात, पण तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल किंवा बीपी-शुगरचं काही चालू असेल तर आधीच सांगा. वर असेपर्यंत दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद.

म्हणून माझ्या मते तयारीतलं सगळ्यात मोठं काम म्हणजे कार्यक्रम नीट निवडणं. साधारण नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. ओसला गाव २,६०० मीटरच्या आसपास आहे. तिथून थेट हर की दून म्हणजे एका दिवसात एकावर एक तीन अजिंक्यतारे, आणि झोपायचं वरच. त्यापेक्षा मध्ये कलकत्तियाधारला मुक्काम करून, दुसऱ्या दिवशी हर की दून बघून परत खाली झोपायला आणणारा कार्यक्रम घ्या. एक दिवस जास्त लागेल, थोडे पैसे जास्त जातील, जाऊ देत. ‘कमी दिवसांत पूर्ण’ अशी जाहिरात दिसली की तिथून उठा.

आता सातारा. तीन-चार महिने हातात ठेवा. अजिंक्यतारा चालू ठेवा, पण वेळ लावून चढणं बंद करा. शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने, न थांबता. पाठीवर सहा-सात किलोची सॅक घ्या, पाण्याच्या बाटल्या भरल्या तरी काम होतं. महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी लागोपाठ दोन दिवस चाला: एक दिवस जरंडेश्वर, दुसऱ्या दिवशी चंदन-वंदन किंवा पायथ्यापासून सज्जनगड. अवघड असतो तो दुसरा दिवस, आणि हिमालयात पहिला सोडला तर सगळे दिवस दुसरेच असतात. उतरताना गुडघ्यांकडे लक्ष द्या, काठी वापरायची सवय आत्ताच लावा. तुमच्याबरोबर सांगलीचे मित्र असतील तर त्यांना दंडोबाचा डोंगर आहेच.

सामानाचं थोडक्यात. घोटा झाकणारे बूट दोन महिने आधी घ्या आणि इथेच मळवा. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. घामाने भिजलेला सुती कपडा वर वाळत नाही आणि अंग गारठतं. थर्मल, फ्लीस, जाड जॅकेट, वरून रेनकोट, म्हणजे एकावर एक थर. मेमध्येही वर रात्री पारा शून्याच्या जवळ जातो.

आणि कृपा करून सगळं लक्ष शेवटच्या कुरणावर ठेवू नका. ही दरी वस्तीची आहे. सुपिन नदी जवळजवळ सगळी वाट सोबत करते. खाली नैटवारला तिला रुपिन मिळते आणि दोघींची टोन्स होते, ती पुढे यमुनेला. गंगाड, ओसला इथली देवदाराची घरं, खाली गुरं आणि वर माणसं, ओसल्याचं सोमेश्वराचं लाकडी मंदिर, हे निवांत बघण्यासारखं आहे. मंदिरात किंवा कुणाच्या अंगणात शिरण्याआधी, फोटो काढण्याआधी विचारा. तिथे मंडुव्याची भाकरी मिळाली तर नक्की खा. ती आपली नाचणीच, जावळीकडच्या माणसाला लगेच ओळखीची वाटेल. पुढे कधी दिवाळीच्या आधी गेलात तर राजगिऱ्याची शेतं लालभडक झालेली दिसतील. वर समोर स्वर्गारोहिणी उभी असते, तिचं मुख्य शिखर ६,२५२ मीटर. पांडव याच वाटेने स्वर्गाला गेले असं तिथले लोक सांगतात.

प्रवास लांबचा आहे. गोवा एक्स्प्रेस सांगली, सातारा करत निजामुद्दीनला जाते, तिथून डेहराडून. डेहराडून ते सांकरी जीपने जवळजवळ पूर्ण दिवस, मसुरी, पुरोला, मोरी करत. एटीएमचं काम पुरोल्यातच उरका. पुढे गोविंद अभयारण्याचा परवाना लागतो, तेव्हा ओळखपत्राच्या दोन-तीन झेरॉक्स जवळ ठेवा. सांकरीच्या पुढे फोन लागेल हे गृहीत धरू नका, घरी तसं सांगून निघा. या रस्त्यावर दरड आली की तास न् तास गाड्या अडकतात. त्यामुळे ट्रेक संपल्यावर एक अख्खा दिवस डेहराडूनमध्ये राखून ठेवा आणि परतीचं तिकीट त्याच्या दुसऱ्या दिवशीचं काढा.