गोव्यात मलबारी कर्णा नक्की कुठे दिसेल?

मार्चमध्ये कळंगुटला उतरणार आहात आणि तिथून कर्णा, म्हणजेच मलबार ट्रोगॉन, कुठे बघता येईल असं विचारलंय. किनाऱ्यावर तर नाहीच. हा सह्याद्रीलगतच्या दाट, सावलीच्या रानातला पक्षी. तेव्हा दोन दिवस तरी मुक्काम सह्याद्रीच्या पायथ्याच्या मोले गावाकडे हलवा. भगवान महावीर अभयारण्य आणि तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिराभोवतीचं जंगल ही माझी पहिली पसंती. वेळ असेल तर खाली दक्षिणेला नेत्रावळी अभयारण्य आहेच.

फोटोंत दिसतो तो नर: काळं डोकं, छातीवर पांढरा पट्टा, त्याखाली लालभडक पोट. मादीला लाल रंग नाही, तिचं पोट पिवळट-तपकिरी. लोक तिच्याकडे बघतही नाहीत, ती जवळच बसलेली असली तरी! पाठ मात्र दोघांचीही तपकिरी, आणि चाहूल लागली की हे महाशय तुमच्याकडे पाठ करूनच बसतात. त्यामुळे लाल रंग शोधत फिरलात तर हात हलवत परत याल. मधल्या उंचीच्या आडव्या फांदीवर, लांब चौकोनी शेपटी सरळ खाली सोडून ताठ बसलेला पक्षी शोधा. किडे, सुरवंट टिपायला तेवढा झेपावतो, पुन्हा स्तब्ध. भृंगराज पक्ष्याचा (ड्रोंगोचा) गलका ऐकू आला तर तिथेच थांबा. तो असलेल्या, वेगवेगळ्या पक्ष्यांच्या मिश्र थव्यात कर्णा बऱ्याचदा सापडतो. त्याचा स्वतःचा आवाज खालच्या पट्टीतला, ‘क्याऊ, क्याऊ’ असा.

दाट रानच का, तर घरट्यासाठी. कुजून मऊ पडलेल्या बुंध्यात नर-मादी मिळून ढोली कोरतात. चोच काही सुतार पक्ष्याएवढी भक्कम नाही, म्हणून मेलेली झाडं जागेवर राहू देणारं रान त्यांना लागतं. साफसूफ ठेवलेल्या काजूच्या बागेत तशी जागा कुठून मिळणार?

मार्च हा विणीचाच काळ. मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलवू नका आणि कोणी गाईड ढोलीपाशी नेतो म्हणाला तर सरळ नकार द्या. असा फोटो कितीही छान आला तरी मला तो आवडत नाही.

फोंड्याहून जवळ म्हणून बोंडला अभयारण्य गाठणार असाल, तर गुरुवार सोडून जा. त्या दिवशी ते बंद असतं.