मार्चमध्ये सॅन डिएगोला येतोय. अँझा-बोरेगो या वाळवंटी उद्यानातला 'सुपरब्लूम' (रानफुलांचा एकदम येणारा बहर) बघायला एक दिवस काढावा का?

हिवाळ्यात पाऊस झाला असेल तर काढा, नाहीतर नुसती वाळू बघाल. २०१७ आणि २०१९ ला तिथल्या बोरेगो स्प्रिंग्ज गावाभोवती फुलंच फुलं होती, मधलं २०१८ कोरडं गेलं.

पण सगळ्यांना हेंडरसन कॅन्यन रोडवरची गुलाबी सँड व्हर्बिनाच हवी असते, कारण ती फोटोत भरते. माझ्या मते बघण्यासारखं फूल डेझर्ट स्टार. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळं, उंची जेमतेम इंच-दोन इंच. नीट बघायचं तर वाळूत पालथंच पडावं लागतं.

ताई-भावोजी साताऱ्याहून आले होते, तेव्हा मी तसाच पडलो होतो. भावोजी उभ्यानेच म्हणाले, "एवढ्यासाठी दोन तास गाडी हाकलीस? आमच्या कासला ये, अख्खं पठार फुलतं." आणि सेल्फीसाठी सरकले मागे, थेट फुलांवर. मी ओरडलो. तर म्हणे, "अरे, रानटी आहेत, पुढच्या वर्षी येतील परत." ताईने विषय बदलला. मी अजून बदललेला नाही.

येतील कुठून? ही वर्षायू वनस्पती. ना कंद, ना मागे उरणारं मूळ. बी धरण्याआधी तुडवली की संपली. वाळूत जुनं बी असतं, मान्य, पण तेही कधीतरी न तुडवलेल्या फुलांनीच टाकलेलं ना? शिवाय अशा वाळवंटी बिया शिंतोड्यावर रुजत नाहीत. फ्रिट्स वेंट या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात इथल्या वाळवंटातली माती घेऊन दाखवलं होतं: खालून पाणी मुरवलं तर बऱ्याच बिया ढिम्म राहतात. वरून साधारण २५ मिलिमीटर पाऊस पडून रुजवण अडवणारी रसायनं धुऊन जावी लागतात. कासला रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे, ती भावोजी मुकाट पाळतात. इथे कुणी अडवत नाही म्हणून काय वाटेल तिथे पाय द्यायचा?

आता खरं सांगायचं तर पावलांपेक्षा जास्त नुकसान सहारन मस्टर्ड हे परकं तण करतं. आधी उगवतं, पाणी पिऊन टाकतं. हे मी भावोजींना सांगितलेलं नाही.

एप्रिल उजाडू देऊ नका, ऊन सोसत नाही. फूल तोडायला बंदी आहे. सोबत कुणी भावोजी असतील तर त्यांना व्हिजिटर सेंटरमध्ये बसवा, ते अर्धं जमिनीखाली आहे, गार असतं.