शेतीच्या गेममध्ये पैसा टिकेना, एनर्जी पुरेना: नाशिककरांच्या प्रश्नांना उत्तरं

नमस्कार मंडळी. यावेळी करपा, भुरी, कांदा चाळ यांच्यासोबत मोबाईलवरच्या शेतीच्या गेमचे पण प्रश्न आलेत, आणि ते नुसत्या कॉलेजच्या पोरांचे नाहीत, चांगल्या बागायतदारांचे पण आहेत. मी स्वतः हे गेम आवडीने खेळतो, त्यामुळे उत्तरं नीट देतो.

निफाडहून एका दादांचा प्रश्न: रात्रीची थ्री फेज येईपर्यंत जागायचं म्हणून स्टारड्यू व्हॅली खेळतोय. गेममधल्या माणसाची एनर्जी दुपारच्या आतच संपते, मग नुसतं झोपायचं. काय करू?

दादा, हा गेम एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने बनवलाय, २०१६ ला आला, आणि त्याने एनर्जीचा हिशोब अगदी काटेकोर ठेवलाय. सुरुवातीला दिवसाला २७० एनर्जी मिळते. कुदळीचा एक घाव २, झारीचं एक पाणी २, कुऱ्हाडीचा एक घाव २. मोठं झाड बुंध्यासकट काढायला साध्या कुऱ्हाडीने १५ घाव, म्हणजे ३० एनर्जी एका झाडात गेली. नवीन माणूस पहिल्या दिवशी काय करतो तर सगळं रान साफ करायला घेतो, दगड फोड, झाडं पाड, आणि बी पेरायच्या वेळेला हात रिकामे. अजिबात करू नका. रान पडून राहिलं तर काही बिघडत नाही, गवत विळ्याने कापा, विळ्याला एनर्जी लागतच नाही.

आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पेठ-सुरगाण्याची टोळी किती माणसांची मिळते ते बघूनच किती एकर एका वेळी धरायचं ते ठरवतो ना, तसंच एनर्जी म्हणजे तुमचे मजूर समजा. एका झाडाला रोज २ एनर्जी पाण्याची. ५० झाडं लावली की रोज सकाळी १०० गेली, बाकी १७० मध्ये दिवस काढायचा. माझं मत विचाराल तर पहिल्या महिन्यात ४०-५० च्या वर जाऊच नका, साधी झारी पण एका भरणीत ४० च झाडं भिजवते.

आणि झोप! रात्री १२ च्या आत अंथरुणात पडा. त्यानंतर जेवढा उशीर तेवढी दुसऱ्या दिवशीची एनर्जी कमी. २ वाजता घराबाहेर असाल तर तिथंच कोसळता आणि खिशातले १० टक्के जातात, जास्तीत जास्त १००० गोल्ड (गोल्ड म्हणजे गेममधला पैसा). एनर्जी शून्यावर नेऊन झोपलात तर सकाळी निम्मीच मिळते, म्हणून १५-२० शिल्लक असतानाच काम थांबवायचं.

खायला काय, तर खालच्या जंगलात दक्षिणेला कांद्याची पात फुकट उगवते. विकली तर फक्त ८ गोल्ड, खाल्ली तर १३ एनर्जी. आपण कांदेवाले, भाव पडलेला माल ओळखता येतो आपल्याला, ही विकू नका, खा. स्प्रिंगच्या, म्हणजे गेममधल्या पहिल्या महिन्याच्या, १५ ते १८ तारखेला झुडपांना सॅमनबेरी लागते, एकीत २५ एनर्जी, ती जमेल तेवढी गोळा करून पेटीत भरून ठेवा, पुढे खाणीत उतरताना हीच कामाला येते.

दिंडोरीच्या एका ताईंचा प्रश्न: सर, स्टारड्यू व्हॅलीत पार्सनिप (गाजरासारखं कंद) लावून लावून कंटाळले, पैसे वाढतच नाहीत. कोणतं पीक घ्यावं?

ताई, सगळे विचारतात की एका दिवसाला किती सुटतात. मी म्हणतो एका एनर्जीमागे किती सुटतात ते बघा, कारण सुरुवातीला जमीन भरपूर असते, कमी पडतात ते हात. पार्सनिपचं बी २० ला, विकतो ३५ ला, ४ दिवस पाणी म्हणजे ८ एनर्जी, सुटले १५. एका एनर्जीला दोन गोल्ड पण नाहीत. बटाटा ५० चं बी, ८० ला जातो, ६ दिवस, अडीच पडतात. फ्लॉवर ८० चं बी, १२ दिवस लागतात, पण १७५ ला जातो, एका एनर्जीला जवळजवळ ४. अडचण एवढीच की १२ दिवस पैसा अडकतो, म्हणून सगळा पैसा त्यात घालू नका, थोडा बटाटा जोडीला ठेवा म्हणजे मधेमधे हातात काहीतरी येत राहील.

खरा पैसा स्प्रिंगच्या १३ तारखेला आहे. त्या दिवशी गावात अंड्यांची जत्रा असते, तिथंच स्ट्रॉबेरीचं बी मिळतं, १०० ला एक. १२ तारखेपर्यंत जेवढे जमतील तेवढे गोल्ड साठवा आणि जत्रेतून आल्यावर त्याच रात्री लावून पाणी द्या, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. २१ ला पहिला तोडा, २५ ला दुसरा, १२० प्रमाणे २४० आले, एनर्जीला पावणेसहा पडतात. एक दिवस उशीर केला तरी दुसरा तोडा २६ ला मिळेल पण पाऊस-पाण्यात कुठं एक पाणी चुकलं की तोडा पुढं सरकत जातो आणि २८ तारखेला महिना संपला की उभं पीक मरतं, तिथं पंचनामा नाही आणि विमा पण नाही!

समरला, म्हणजे पुढच्या महिन्यात, १ तारखेलाच ब्लूबेरी. ८० चं बी, १४ पासून दर ४ दिवसांनी तोडा, चार तोडे मिळून बारा फळं, ५० प्रमाणे ६००. एनर्जीला दहाच्या वर जातं. समरच्या सुरुवातीला दुसरं काही शोधत बसू नका.

पावसाच्या दिवशी पाण्याची एनर्जी वाचते, तो दिवस मासे धरायला किंवा खाणीला द्या. गळ टाकायला एका वेळी ८ एनर्जी जाते, म्हणून कोरड्या दिवशी झाडांना पाणी घालून मग दिवसभर नदीवर बसणं परवडत नाही. टीव्हीवर उद्या पाऊस दाखवला की आज पाणी घालून झाल्यावर झारी लोहाराकडे टाका, तांब्याची करायला २००० गोल्ड आणि ५ तांब्याच्या पट्ट्या लागतात, परवा सकाळी तयार मिळते आणि एक पण पाणी चुकत नाही. बी विकणारा पिअर बुधवारी बंद असतो, हे लक्षात ठेवून मंगळवारीच बी आणा.

पिंपळगावहून: 'हे डे' (Hay Day) या दुसऱ्या गेममध्ये एनर्जीच नाही, मग अडतं कुठं?

तिथं गोदामात अडतं. सायलो (पिकं साठवायची टाकी) आणि कोठार दोन्हीत सुरुवातीला ५० नगच मावतात. गहू २ मिनिटांत येतो म्हणून सारखा लावत बसलात की सायलो तुंबतो. गव्हाची ब्रेड करा, रस्त्याकडेच्या दुकानात विका, आणि कोणत्याही पिकाचा शेवटचा दाणा विकू नका कारण तेच तुमचं बियाणं. गेममधले हिरे घाई करायला उडवू नका.

एकाने विचारलंय की शेतीचा गेम खेळून खरे पैसे देतो म्हणणारं ॲप आहे, आधी ५०० रुपये भरायचे. भरू नका. ओटीपी, यूपीआय पिन कुणालाच द्यायचा नाही. भरले असतील तर आत्ताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जेवढ्या लवकर कराल तेवढी पैसे अडवायची शक्यता जास्त.

शेवटचा प्रश्न ओझरचा: स्टारड्यू व्हॅलीत पण द्राक्षच लावायचीत, परवडतात का?

परवडतात, आणि मला मनापासून आनंद झाला हा प्रश्न बघून. फॉलमध्ये, म्हणजे समरनंतरच्या महिन्यात, क्रॅनबेरी जास्त देते खरी, पण तिचं बी २४० ला, द्राक्षाचं फक्त ६० ला. भांडवल कमी असेल तर द्राक्षच. १ तारखेला लावली तर ११ पासून दर ३ दिवसांनी, असे सहा तोडे, ८० प्रमाणे ४८०. वाईनच्या मागे मात्र लगेच लागू नका. एका द्राक्षाची वाईन २४० ला जाते पण पिंपाला आठवडाभर लागतो, शिवाय शेतीची लेव्हल ८ लागते. जॅमची बरणी लेव्हल ४ लाच मिळते, दोन-तीन दिवसांत जॅम तयार आणि तो २१० ला जातो. आठवड्यात एका पिंपात एकदाच माल निघतो, बरणीत दोनदा आरामात. फक्त लावताना एक करा, तिथल्या मांडवाखालून माणूस जात नाही, अडकतो. दोन ओळी लावा, मग एक वाट सोडा, मग परत दोन ओळी, म्हणजे दोन्ही बाजूंनी पाणी पण घालता येईल आणि तोडा पण.