टीसी काढण्याआधी

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. फोनच केला असता, पण फोनवर तू "हो मावशी, बरं मावशी" करतेस आणि ठेवून देतेस. म्हणून लिहितेय. सावकाश वाच, लगेच उत्तर देऊ नकोस.

"सोलापुरात राहून माझं काही होणार नाही, सेकंड इयरला पुण्याला ट्रान्सफर घेते" असं तू म्हणतेस. मी तुला अडवायला बसलेली नाही. ते काम तुझे मामा चोख करतील. इथल्या पोरांनी बाहेर शिकायला जाणं आजचं नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचेच, १९१० चा जन्म. डॉक्टरकी शिकायला ते मुंबईला गेले, कारण तेव्हा सोलापुरात मेडिकल कॉलेजच नव्हतं. आपलं वैशंपायन कॉलेज निघालं १९६३ मध्ये. जे शिकायचंय ते इथं मिळत नाही, याच्याइतकं सरळ कारण दुसरं नाही. तुझ्या एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये नेमकं तेच मला सापडलं नाही. बाकीची कारणं पुष्कळ आहेत, त्यांच्याकडं येते.

मला धास्ती वाटली ती शेवटच्या ओळीची. "मन लागत नाही म्हणून लेक्चरला जाणं बंद केलंय, नाहीतरी सोडायचंच आहे."

माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात गेली. टीसीचं रजिस्टर माझ्याच टेबलावर असायचं. जूनच्या शेवटी खिडकीसमोर रांग लागायची. त्यात जे ठरवून चाललेत त्यांचं बरं व्हायचं, जे राहिलेत त्यांचंही बरं व्हायचं. हाल व्हायचे ते मधल्यांचे. ही पोरं फेब्रुवारी-मार्चमध्येच मनानं गेलेली असायची, नाव मात्र आमच्या हजेरीपटावर. जर्नल सर्टिफाय करून घेतलेलं नाही, परीक्षेचा फॉर्म भरलाय पण दोन पेपरला बसलेली नाहीत. मग जुलैत वडिलांना घेऊन खिडकीशी उभी: "मॅडम, तिकडच्या कॉलेजनं मार्कशीट मागितलीय." मार्कशीटवर दोन विषयांपुढं 'गैरहजर'. तो कागद बघून पुण्याचं कॉलेज दार उघडत नाही, आणि इकडं दुसऱ्या वर्षात बसवायचं तर एटीकेटीचे, म्हणजे विषय राहिले तरी पुढच्या वर्षात बसू देण्याचे, नियम आडवे येतात. वडील एकदा पोराकडं बघायचे, एकदा माझ्याकडं. एक जण तर कॉट बेसिसचं डिपॉझिट भरून, गादी-ट्रंक पुण्याला टाकून आला होता.

तेव्हा जायचं की नाही ते नंतर बघू. उद्यापासून कॉलेजात जा. ७५ टक्के हजेरीचा प्रश्न आहेच, पण तेवढ्यासाठी सांगत नाही. ज्याला बाहेर पडायचंय त्याचा पासपोर्ट म्हणजे पहिल्या वर्षाची स्वच्छ मार्कशीट. राहणाऱ्याला एखादा बॅकलॉग पचतो, जाणाऱ्याला पचत नाही. तुला जितकं जावंसं वाटतं तितका जास्त अभ्यास तुला करायला हवा. अन्यायच आहे हा, पण आहे असा.

आता तक्रारींकडं येऊ. प्रॅक्टिकलला सहा जणींत एक ब्युरेट, ती द्रावण मोजून सोडायची काचेची नळी, आणि तुझ्या वाट्याला नुसतं रीडिंग लिहून घेणं, हे वाचून मलाही राग आला. केमिस्ट्री मेजर घेतलेल्या मुलीनं स्वतःच्या हातानं टायट्रेशन करायचं नाही तर काय करायचं? ही तुझ्या कॉलेजची चूक आहे आणि ती कॉलेजला सांगायलाच हवी. पण सांगण्याची एक रीत असते. तोंडी गाऱ्हाणं सर ऐकतात आणि विसरतात. सहा जणींनी सह्या करून प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहा, ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का पडलेला कागद उत्तर मागतो, हे मी टेबलाच्या या बाजूनं पाहिलंय. भांडू नका, मागणी लिहा: बॅच लहान करा, नाहीतर दुसरी वेळ द्या. झालं तर झालं. नाही झालं, तर जाण्याचं एक खरं कारण तुझ्या हातात येईल, आणि घरी सांगायलाही ते बरं पडेल.

सर सेमिस्टरच्या मध्येच बदलले, ही दुसरी तक्रार. ते तासिका तत्त्वावर होते, दुसरीकडं बरं मिळालं, गेले. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि तासांवर माणसं, ही अख्ख्या राज्याची रड आहे. पुण्यातल्या अनुदानित कॉलेजांच्या स्टाफरूममध्येही असे तासांवरचे, सीएचबीवाले भेटतील. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, भारतीय ज्ञान प्रणाली या सगळ्या घोळाला तू वैतागलीस, तो नव्या शैक्षणिक धोरणाचा घोळ २०२४-२५ पासून राज्यातल्या सगळ्या संलग्न कॉलेजांत आहे, स्वायत्त कॉलेजांत त्याच्या आधीपासून. यासाठी गाव बदलू नकोस.

ऊन आणि काही दिवसांआड येणारं पाणी, यावर माझ्याकडं उत्तर नाही. मी इथं जन्म काढला तरी मे महिन्यात मीही चिडचिड करते.

राहता राहिलं एकटेपण. ते तू मेसेजच्या मधोमध दोन ओळींत उरकलंस. मला वाटतं सगळ्याचं मूळ तिथं आहे. वर्गातला ग्रुप आपसांत तेलुगू बोलतो, तुला कळत नाही, म्हणून तू वेगळी बसतेस. अगं, हे सोलापूर आहे. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोटकडून आलेल्यांच्या तोंडी कन्नड. इथं भाजी मराठीत घेतात आणि भांडण आपापल्या भाषेत करतात. तुला टाळायला कुणी तेलुगू बोलत नाही. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. तू दर शुक्रवारी दुपारी मंगळवेढ्याची एसटी पकडतेस आणि सोमवारी दुसऱ्या तासाला उगवतेस. वर्गात तास होतात. मैत्री होते शनिवार-रविवारी, जेव्हा तू इथं नसतेस. आठ महिने झाले, तुला सोलापूर फक्त स्टँड ते हॉस्टेल एवढंच माहीत आहे.

पुण्यात हे सुटेल का? सुटेलही, खोटं कशाला बोलू. तिथून दर आठवड्याला घरी येणं परवडणार नाही, झक मारत राहावं लागेल आणि ओळखी होतील. पण तोच उपाय इथं फुकटात करून बघता येतो. लागोपाठ काही शनिवार-रविवार गावी जाऊ नकोस. आईला मी सांगते. हिराचंद नेमचंद वाचनालयात नाव घाल, एनएसएसवाल्या पोरींबरोबर एखादं काम कर, कंबर तलावावर संध्याकाळी चक्कर मार. एवढं करूनही घशाशी येत असेल, तर मग गाव बदलण्यात अर्थ आहे.

पुणं बघायचं तर नीट बघ. मैत्रिणीकडं सुट्टीत राहून फर्ग्युसन रस्त्यावर फिरून येणं म्हणजे कॉलेज बघणं नव्हे. कामाच्या दिवशी सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकड, दुपारच्या आत पोचशील, संध्याकाळी तीच गाडी परत आणते. डोक्यात असलेल्या कॉलेजात जाऊन तीन गोष्टी बघ. सेकंड इयरचं टाइमटेबल नोटीस बोर्डवर लागलेलं असतं, त्याचा फोटो काढ. केमिस्ट्रीच्या लॅबच्या दारात उभी राहून एका ब्युरेटमागं किती डोकी आहेत ते मोज. आणि फर्स्ट इयरच्या पोरींना काही विचारू नकोस, त्या अजून हरखलेल्या असतात. थर्ड इयरच्यांना विचार. शेवटी ऑफिसच्या खिडकीवर एकच प्रश्न: "बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्यांना सेकंड इयरला बी.एस्सी. केमिस्ट्रीला घेता का, आणि गेल्या वर्षी किती घेतले?" कारण दुसऱ्या वर्षाचे प्रवेश रिकाम्या जागांवर होतात, आणि चांगल्या कॉलेजात त्या बोटावर मोजण्याइतक्या असतात.

कागदांचं सांगते, हा माझा प्रांत. २००४ मध्ये आपलं सोलापूर विद्यापीठ झालं, त्याच्या आधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. मायग्रेशनसाठी, म्हणजे विद्यापीठ सोडल्याच्या दाखल्यासाठी, पोरं रात्रीच्या एसटीनं कोल्हापूरला जायची. आता विद्यापीठ केगावला आहे, हेलपाटा वाचला. पण कागद तेच. आपल्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या कॉलेजात जायचं तर टीसी आणि ना हरकत यावर भागतं. पुणे विद्यापीठात जायचं तर मायग्रेशन लागतं, तिकडं पात्रतेचं प्रमाणपत्र काढावं लागतं, आणि तुझे विषय त्यांच्या विषयांशी जुळतात का ते बघितलं जातं. तुझी मायनर तिथं नसेल तर काय, हा प्रश्न आधीच विचारून घे.

"क्रेडिट बँकेत आहेत ना," असं तू म्हणशील. हो, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, जमा झालेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत चालतात, आणि पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ तुझ्या खात्यात पडतील. पण बँकेत पैसे आहेत म्हणून समोरचा दुकानदार माल देईलच असं नाही. ते क्रेडिट घ्यायचे की नाही हे नवीन कॉलेज आणि विद्यापीठ ठरवणार. आणि तुझ्या खात्यात खरंच जमा झालेत का ते डिजिलॉकरमध्ये जाऊन बघ. कॉलेजनं अपलोडच केलं नाही, असंही घडतं.

महाडीबीटीवरचा तुझा शिष्यवृत्तीचा अर्ज या कॉलेजच्या नावानं आहे. तो कुठल्या लॉगिनला अडकलाय, हप्ता जमा झाला का, हे टीसी मागायच्या आधी क्लार्ककडून समजून घे. एकदा नाव कमी झालं की तुझ्या फाइलला कुणी हात लावत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, माणसं वाईट नसतात, समोर रांग असते.

आणि तिकडं पैसे भरण्याआधी हे लक्षात ठेव. प्रवेश रद्द केला तर फी किती परत मिळते याची यूजीसीनं २०१८ मध्ये उतरती भाजणी घालून दिली आहे. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीपर्यंत जवळजवळ सगळी, फार तर पाच टक्के कापतात आणि तेही पाच हजारांच्या वर नाही. तारखेनंतर पंधरा ते तीस दिवसांत निम्मी, त्यानंतर शून्य. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत, हेही त्याच नियमात आहे. इकडचं नाव मात्र तिकडचा प्रवेश लेखी पक्का झाल्याशिवाय कमी करायचं नाही. तोंडी "येऊन जा, करून देऊ" याला काडीची किंमत देऊ नकोस.

घरचं अवघड आहे, मला माहीत आहे. आपल्याकडं मुलानं कॉलेज बदलतो म्हटलं तर खर्चाची चर्चा होते. मुलीनं म्हटलं की "मग शिक्षण राहू दे, स्थळं बघू" असा विषय निघतो. अण्णांसमोर "मला इथं करमत नाही" हे वाक्य चुकूनही टाकू नकोस, त्या वाक्याला त्यांच्याकडं एकच उत्तर आहे. कॉलेजचं नाव, लेडीज हॉस्टेलचा वर्षाचा खर्च, प्रवेशाची तारीख, आणि लॅबच्या अर्जाचं काय झालं, हे एका कागदावर लिहून त्यांच्यापुढं ठेव. हिशेब मांडलेल्या पोरीशी ते हिशेबानंच बोलतील. मी त्यांना ओळखते.

एक वाट तू विचारातच घेतलेली नाहीस. बी.एस्सी. इथं पुरी करायची आणि एम.एस्सी.ला बाहेर पडायचं. तिथं विषय जुळवायची भानगड नसते, सगळे नव्यानंच आलेले असतात. आयआयटीची जॅम आहे, सीयूईटी-पीजी आहे, विद्यापीठांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा आहेत. पुणंच काय, मुंबई-हैदराबादचीही दारं उघडतात. मधल्या काळात स्वयम या सरकारी पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स कर, विद्यापीठानं मान्य केले तर त्यांचेही क्रेडिट मिळतात. माझं मत विचारशील तर मी या वाटेकडं झुकते. पण लॅबच्या अर्जावर कॉलेज ढिम्म राहिलं तर मत बदलेन. हाताला सवय नसलेली केमिस्ट्री घेऊन एम.एस्सी.ला गेलीस तर तिथं पहिलं सेमिस्टर फार जड जातं.

उद्या कॉलेजात गेलीस की परीक्षा फॉर्मची, विलंब शुल्काशिवायची शेवटची तारीख बघ आणि नोटिशीचा फोटो मला पाठव. जर्नलच्या किती सह्या राहिल्यात तेही कळव. अर्जाचा मसुदा तू लिही, मी दुरुस्त करून देते. पुण्याला परीक्षा संपल्यावर जा, पण कॉलेजं उन्हाळ्यासाठी बंद व्हायच्या आत. एकटीनं जायचं असेल तर अण्णांना मी फोन करेन, सोबत हवी असेल तर मी येते. तिकीट मात्र तू काढ, मला त्या ॲपचं काही जमत नाही.

तुझी,
मावशी