जुन्या शेवी पिकअपला इंजेक्शन बसवताना पंप बाहेर चेसीवर लावला तर चालेल का?

तुम्ही विचारलंय: 1978 ची शेवरोले सी-10, 350 व्ही8, दोन टाक्या, कार्बोरेटर काढून थ्रॉटल बॉडी इंजेक्शन (कार्बोरेटरच्याच जागी बसून दाबाने पेट्रोल फवारणारं) बसवायचंय, पंप चेसीवर लावला तर चालेल का, आणि किट कुठलं घ्यावं?

चालेल, पहिले वीस मिनिटं. टाकी अर्धी झाली आणि ऊन चढलं की गाडी रस्त्यात बसेल. बाहेरच्या पंपाचा कट्टर पुरस्कर्ता असलेला एक मित्र आहे माझा. त्याच्याकडेही अगदी हीच गाडी, दोन टाक्यांसकट. त्यामुळे हे उत्तर निम्मं तुम्हाला आणि निम्मं त्याला आहे.

मुळात तुमच्या टाक्या बघा. चेसीच्या बाहेरच्या अंगाला टांगलेल्या, आणि पेट्रोल निघतं ते टाकीच्या माथ्यावरून. तळाला तोंडच नाही. पंप कितीही खाली लावा, पेट्रोल आधी माथ्यापर्यंत ओढावंच लागतं. इंजेक्शनचा पंप 58 पीएसआयने (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) ढकलतो झकास, ओढायला मात्र अगदी कच्चा. त्याला पेट्रोल आपसूक उतरून मिळायला हवं.

‘मग जुना मेकॅनिकल पंप चाळीस वर्षं ओढतच होता की!’ हे मित्राचं आवडतं वाक्य. ओढत होता, पण किती? आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना नुसतं चालू, 350 इंजिन तासाला दोन-तीन लिटर पितं, तेवढंच. इंजेक्शनचा ताशी 255 लिटरवाला पंप 58 पीएसआयलासुद्धा तासाला दोनशे लिटरच्या आसपास फिरवतो. लागेल ते इंजिन घेतं, बाकीचं रिटर्नच्या नळीने टाकीत परत. त्याच जुन्या नळीतून इतकं ओढलं की ओढीच्या बाजूचा दाब उतरतो, आणि दाब उतरला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. पंपात वाफ शिरली की तो रडायला लागतो. त्यात हिवाळ्यासाठी वेगळं बनवलेलं पेट्रोल जास्त उडणारं असतं, म्हणून वसंतातल्या पहिल्या कडक उन्हात हा त्रास सगळ्यांत जास्त.

मित्राच्या गाडीवर दाबाच्या गेजला लांब नळी जोडून तो बाहेरून काचेवर टेपने चिकटवला होता. थंड असताना 58. मग 50. चढावर काटा थरथरत 30 च्या खाली, आणि तिथेच इंजिन फटफट करून बंद. त्याचा इलाज? आणखी मोठा, 400 लिटरचा पंप. म्हणजे ओढ आणखी वाढली आणि पेट्रोल आणखी तापलं. साधं गणित आहे: 300 अश्वशक्तीला पूर्ण जोरात तासाला साधारण 150 पौंड पेट्रोल लागतं, म्हणजे नव्वद-एक लिटर. 255 चा पंपच दुपटीहून जास्त झाला.

पण त्या गाडीची खरी गंमत रिटर्नमध्ये होती. त्याचा टाकी बदलायचा व्हॉल्व्ह जुना, तीन तोंडांचा. तो फक्त पुढे जाणारी लाइन बदलतो. रिटर्न त्याने कायमची उजव्या टाकीला जोडून टाकली. बटण डावीकडे ठेवलं की पंप डावीकडून ओढणार आणि उजवीकडे ओतणार. टाकी वीस गॅलनची, म्हणजे 75 लिटर. अर्धी भरलेली डावी टाकी रिकामी व्हायला दहा-बारा मिनिटं पुरतात. उजवी आधीच भरलेली असेल तर पेट्रोल झाकणातून ओघळून सायलेन्सरच्या बाजूला. ओघळलंच. याच टाक्या धडकेत पेट घेतात म्हणून नव्वदच्या दशकात अमेरिकेत केवढा गदारोळ झाला होता, आणि आपण धडकेशिवायच तयारी करून ठेवायची!

दोन्ही लाइन एकदम बदलणारा सहा तोंडांचा मोटरवाला व्हॉल्व्ह मिळतो. तरी माझं मत वेगळं आहे. इंजेक्शन एकाच टाकीवर चालवा. दुसऱ्या टाकीतून पहिलीत पेट्रोल आणायला कार्बोरेटरचा 5-7 पीएसआयचा छोटा पंप लावा, आणि त्याला दाबून धरावं लागतं तसलं बटण द्या. साधा स्विच नको, चालू राहून जातो.

आता टाकीतल्या पंपाचं. टाकी रिकामी करून, पट्टे सोडून खाली घ्या. माथ्यावरची लॉक रिंग पितळी पंचने ठोका, लोखंडी छिन्नीने नाही; ठिणगी पडली तर उत्तर वाचायला तुम्ही नसाल. आत गंज दिसला तर धुवत बसू नका, टाकीच नवी घ्या. गंजाची पूड दहा मायक्रॉनच्या फिल्टरला आठवडाभरात बसवते.

1987 मध्ये कंपनीने ह्याच बॉडीला इंजेक्शन दिलं आणि पंप टाकीतच ठेवला. म्हणून भंगारातून त्या सालचं युनिट (टाकीत बसणारा पंप-फ्लोटचा जोड) आणायचं लोकांना सुचतं. युनिट आणा, पण त्यातला पंप फेकून द्या. ती सिस्टिम 9 ते 13 पीएसआयची आहे, 58 तिच्या बापाला जमणार नाही. फ्लोटही (पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता भाग) तपासा: तुमच्या डॅशवरच्या काट्याला रिकामीला 0 आणि भरलेलीला 90 ओम लागतात. बाजारातला दुसऱ्या मापाचा फ्लोट लावला तर काटा खोटं बोलतो.

टाकीच्या आत पंपाला जोडायची रबरी नळी एसएई 30आर10 लिहिलेलीच हवी. बाहेरची 30आर9 आतून दाब सोसते, पण चोवीस तास पेट्रोलमध्ये बुडून राहायला ती केलेली नाही. फुगून मऊ होते आणि क्लॅम्पखालून सुटते. मग दाब टाकीतल्या टाकीतच फुसकतो आणि तुम्ही पंप बदलत बसता. पंपाची जाळी तळाला जेमतेम टेकेल एवढी खाली ठेवा. तुमच्या टाक्या लांबट आहेत, वळणावर पेट्रोल एका बाजूला पळतं. जाळीभोवती बॅफल (पेट्रोल अडवून धरणारा आडोसा) नसेल तर पाव टाकीला उजवं वळण घेतलं की धक्का बसणार.

फिल्टर आणि रेग्युलेटर एकत्र असलेला, 58 पीएसआयचा, कॉर्व्हेटला यायचा तो टाकीशेजारी चेसीवर बसवा. म्हणजे रिटर्न दोन फुटांची होते आणि पुढे एकच 3/8 ची स्टील लाइन जाते. थ्रॉटल बॉडीवरचं रिटर्नचं तोंड बंद करायचं. रिटर्न जुन्या पाव इंची वाफेच्या नळीला कधीच जोडू नका. ती तुंबते आणि दाब 70 च्या वर चढतो. रबर जिथे लोखंडी पाइपवर चढतं तिथे पाइपच्या टोकाला फुगवटा हवा. गुळगुळीत टोकावर जुबली क्लिप आवळून 58 पीएसआय धरत नाही.

वायरिंगमध्ये कंजुषी नको. बॅटरीवरून फ्यूज, रिले, दहा गेजची वायर. मित्राच्या पंपावर जुन्या बारीक वायरने 10.8 व्होल्ट येत होते. ही वायर टाकल्यावर 13.6, आणि पंपाचा सूरच बदलला. धडकेत पंप बंद करणारा इनर्शिया स्विच जुन्या फोर्डमधून काढून रिलेच्या वायरीत घाला.

इंजिनवरचा मेकॅनिकल पंप काढलात की त्याचा दांडाही काढा आणि भोकावर गॅसकेट घालून पट्टी बसवा. दांडा बऱ्याच जणांच्या आतच राहतो.

किट कुठलंही नावाजलेलं घ्या, फरक उन्नीस-बीस. धुराच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर तेवढा आडव्यापेक्षा दहा अंश तरी वर तिरका लावा, पाणी साचून मरतो.

हो, एक राहिलंच. टाकीच्या तळाला स्वतंत्र डबा वेल्ड करून पेट्रोल आपसूक उतरेल अशी सोय केली, तर बाहेरचा पंपही चालतो. मित्राचं एवढं बरोबर आहे. पण पेट्रोलच्या टाकीवर वेल्डिंग घरी करू नका. आणि कॅलिफोर्नियात असाल तर 1975 नंतरच्या गाडीला धुराची तपासणी लागते, तेव्हा किटला तिथल्या मंजुरीचा नंबर आहे का ते पैसे भरण्याआधी बघा.

पहिल्यांदा स्टार्टर मारू नका. चावी तीनदा नुसती ऑन-ऑफ करा, पंप दर वेळी दोन-चार सेकंद फिरून थांबेल. तेवढ्यात गळती बघायला दुसऱ्या कुणाला तरी टॉर्च आणि अग्निशामक घेऊन खाली बसवा.